विद्यार्थ्याचा निवारा : एक ऐतिहासिक विचार

शिक्षणाचा विषय निघाला म्हणजे आपण शाळा, गुरुजी व ग्रंथ यांविषयी बोलतो. विद्यार्थी रात्री पाठ कोठे टेकतो, हे सहसा कोणी विचारीत नाही. वास्तविक खेड्यातील मुलाचे शिक्षण बहुधा तेथेच अडते.

पूर्वी गरीब विद्यार्थी माधुकरी मागून अथवा वार लावून शिकत. परंतु ही सोय मुख्यतः एका वर्गापुरतीच होती. बहुजनांच्या मुलास ते दार बहुधा बंद असे. ही उणीव ओळखून छत्रपती शाहू महाराजांनी 1901 साली कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले आणि पुढे अनेक ज्ञातींच्या वसतिगृहांस साहाय्य केले.

त्याच कोल्हापुरात भाऊराव पाटील शिकत होते. 1908 साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. त्या समारंभास जाऊन आल्यावर स्नान करण्याचे भाऊरावांनी नाकारले, म्हणून त्यांस आपल्या ज्ञातीच्या वसतिगृहातून बाहेर पडावे लागले, असे चरित्रकार सांगतात. निवारा हरपलेल्या याच विद्यार्थ्याने 1919 साली रयत शिक्षण संस्था स्थापिली व 1924 साली साताऱ्यास सर्व जातिधर्मांच्या मुलांना एकाच छताखाली आणले. मुलांच्या अन्नासाठी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही मोडले. पुढे 1955 साली पुण्यात डॉ. अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी साहाय्यक समिती उभारली, तीही याच गरजेतून.

आपल्या जिल्ह्यात 1947 साली डॉ. हिवाळे यांनी अहमदनगर महाविद्यालय स्थापिले व उच्च शिक्षण जवळ आले. तथापि हा जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा. अकोल्याच्या मुलास नगर शंभराहून अधिक किलोमीटर. रोज जाणेयेणे अशक्य, आणि खोलीचे भाडे आवाक्याबाहेर! आम्ही स्वतः 1975 साली मॅट्रिक झालो. नगरास खोली घेण्याची वडिलांची ऐपत नव्हती. महाविद्यालयाची पायरी आम्ही चढलो नाही. अध्यापनाची पदविका घेऊन मास्तर झालो. त्याचा खेद नाही. परंतु ती खोली अजून आठवते.

शासनाने 2016-17 पासून अनुसूचित जातींच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना सुरू केली. तीत नगरसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी निवासासाठी आरंभी वर्षाला 12,000 रुपये, म्हणजे महिना 1,000 रुपये ठरले. एवढ्यात शहरात खोली कशी मिळावी, हे सुज्ञ वाचकांनीच ठरवावे.

म्हणून ज्ञातिबांधवांस आमची नम्र विनंती आहे. नगरात व पुण्यात ज्यांची घरे आहेत, त्यांनी निदान एक खोली एका होतकरू मुलास वा मुलीस अल्प भाड्याने द्यावी. मंडळाने वसतिगृहाचा निधी आरंभावा. मात्र त्याच्या दारावर केवळ आपल्याच ज्ञातीचे नाव नसावे. भाऊरावांस ज्या दारातून बाहेर पडावे लागले, तसले दार आपण पुन्हा बांधू नये, एवढेच सांगून ही लेखणी खाली ठेवतो.