रात्रीची वीज आणि सकाळचे पाणी

पहाटे उठून बंब पेटविण्याचे काम ज्यांच्या वाट्याला आले आहे, त्यांना ऊन पाण्याची किंमत सांगावी लागत नाही. बंबाच्या जागी विजेची टाकी आली आणि ही यातायात संपली, असे आपण समजतो. वस्तुतः ती संपली नाही. घरातून उठून ती वीजकेंद्रात गेली. सगळ्या गावाला एकाच वेळी ऊन पाणी हवे असते, आणि त्या एका घटकेसाठी यंत्रे, तारा व रोहित्रे उभारून ठेवावी लागतात. उरलेल्या वेळी ती अर्धवट कामाने पडून राहतात. हा पेच न्यूझीलंडने कसा सोडविला, त्याचा इतिहास पाहण्यासारखा आहे.

प्रथम थोडा हिशेब करू. 180 लिटरची टाकी 15 अंशांपासून 60 अंशांपर्यंत तापविण्यास सुमारे साडेनऊ युनिट वीज लागते. 3 किलोवॅटच्या कांबीला हे काम करण्यास तीन तासांहून थोडा अधिक वेळ पुरतो. टाकीला उबदार वेष्टण असले, तर हे तीन तास मध्यरात्रीचे असोत की दुपारचे, सकाळी स्नान करणाऱ्याला फरक कळत नाही. पण वीजकेंद्राला मात्र तो फार मोठा असतो. अशा एक लाख टाक्या एकदम चालू झाल्या, तर तीन लाख किलोवॅटचा भार क्षणात उभा राहतो. दिवा उद्या लावतो म्हणून भागत नाही. पाण्याला मात्र थांबता येते. ह्या साध्या भेदावर पुढील सारी व्यवस्था उभी आहे.

न्यूझीलंड हा नद्यांचा आणि पावसाचा देश. 1915 साली कोलरिज सरोवराची वीज क्राइस्टचर्च शहरास मिळू लागली. त्याच वर्षी टौरंगा ह्या लहानशा गावासाठी ओमानावा धबधब्यावर वीजकेंद्र सुरू झाले. तेथील अभियंता लॉइड मॅन्डेनो ह्याने विजेचा उपयोग केवळ दिव्यांपुरता न ठेवता स्वयंपाकाला आणि पाणी तापविण्यालाही व्हावा, असा आग्रह धरला. त्यामागे व्यवहार होता. धबधबा रात्री झोपत नाही; जे पाणी यंत्रातून गेले नाही ते वाया गेले. रात्री टाकी तापवावी, म्हणजे वाया जाणारी नदीच घरात साठविली जाते.

पुढे टाक्या घरोघर झाल्या आणि वरदानाचे ओझे झाले. 1940 च्या दशकात युद्धकाळात व त्यानंतर वीज अपुरी पडू लागली. कपात सोसावी लागली. टाक्यांचे नियंत्रण एका ठिकाणाहून करण्यासाठी काही गावांत स्वतंत्र तार टाकलेली होती. पण घरोघर अशी तार नेणे खर्चाचे. 1950 च्या दशकात तेथे पसरलेली युक्ती अधिक सुटसुटीत होती. नेहमीचा प्रवाह सेकंदास 50 आवर्तनांचा. त्याच तारांवर शेकडो आवर्तनांची एक बारीक लहर सोडावयाची. दिवे तिची दखल घेत नाहीत. पण मीटरजवळ बसविलेली कळ तेवढी तिची खूण ओळखते आणि टाकी बंद अथवा चालू करते. जणू गावच्या दवंडीवाल्याने हाक द्यावी आणि ती फक्त टाक्यांनीच ऐकावी! ह्या बंधनाच्या मोबदल्यात ग्राहकाला स्वस्त दर मिळे.

आपल्या घरातील कळ दुसऱ्याच्या हाती देणे ही लहान गोष्ट नव्हे. पाहुणे आले आणि पाणी संपले, तर कुरकूर होणारच. शिवाय टाकी फार काळ कोमट ठेवणेही बरे नव्हे. लेजिओनेला नावाचे रोगजंतू कोमट पाण्यात वाढतात. म्हणून साठ्याचे पाणी 60 अंशांपर्यंत तापविण्याचा दंडक आहे. तेव्हा ही सत्ता मर्यादेनेच वापरावी लागते. लोकांनी ती मान्य केली, कारण लाभ स्वतःच्या बिलात दिसत होता आणि शेजाऱ्याचा दिवाही त्यामुळे जळत होता.

हे सहकार्य व्यवस्थेवर अवलंबून असते. 1998 च्या कायद्याने तेथे तारा सांभाळणारे आणि वीज विकणारे वेगळे करण्यात आले. मग टाकी थांबविल्याचा लाभ कोणाचा, हा प्रश्न गुंतागुंतीचा झाला. 9 ऑगस्ट 2021 च्या कडाक्याच्या थंडीच्या रात्री मागणी पुरवठ्याहून वाढली आणि हजारो घरांची वीज तोडावी लागली. पाण्याच्या टाक्यांच्या नियंत्रणाचा विषय तेव्हा पुन्हा चर्चेला आला. यंत्र होते, ते कोणी, कोणासाठी वापरावे, ह्याचा मेळ हवा होता.

2005 च्या सुमारास महाराष्ट्राने भारनियमन भोगले. तेव्हा गावेच्या गावे अंधारात जात. विद्यार्थ्याचा दिवा आणि शेजारचा गीझर एकाच मापाने तोलले जात. जे थांबू शकते ते आधी थांबवावे आणि जे थांबू शकत नाही ते राखावे, हा न्याय न्यूझीलंडच्या टाकीने शिकविला. टंचाई वाट्याला येते तेव्हा ती वाटून घेण्याची रीतच समाजाची खरी पारख करते, असे आम्हांस वाटते.