क्रुसावरची अक्षरं कोणत्या भाषेत?

आज आपण पंडिता रमाबाईंच्या आयुष्यातले तीन प्रसंग पाहणार आहोत. तिन्हींच्या मुळाशी प्रश्न एकच आहे. उपासना मनापासूनची आहे की नुसता देखावा, हे ओळखायचं कशावरून? आणि ठरवायचं कुणी?

पहिला प्रसंग इंग्लंडमधला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज इथे रमाबाई आणि त्यांची लहानगी मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या अँग्लिकन धर्मभगिनींनी त्यांना आसरा दिला होता. त्यांतल्या सिस्टर जेराल्डीन या रमाबाईंच्या मार्गदर्शक. रमाबाई त्यांना प्रेमाने 'आजीबाई' म्हणत. पण त्या काळातली या दोघींची पत्रं वाचली, की प्रेमाइतकाच वादही दिसतो.

वाद कशावरून? तर क्रुसावर कोरायच्या अक्षरांवरून. रीतीप्रमाणे ती लॅटिनमध्ये असायची. रमाबाईंचं म्हणणं असं की अक्षरं हवीच असतील, तर ती संस्कृतात हवीत. का? संस्कृत देववाणी आहे म्हणून नव्हे, तर ती आपल्या देशाची जुनी आणि सुंदर भाषा आहे म्हणून. लॅटिन त्यांना स्वतःला येत नव्हतं, इथल्या बायकांना तर नाहीच नाही. मग त्यांनी उलट विचारलं: ब्राह्मण जसं संस्कृतला पवित्र मानतात, तसंच तुम्ही लॅटिनला मानता का?

हा प्रश्न फार खोल जातो. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही मुलगी. न कळणाऱ्या पवित्र शब्दांचा धाक काय असतो, हे तिने लहानपणापासून पाहिलं होतं. तोच धाक नव्या धर्मात पुन्हा मुकाट्याने स्वीकारायला ती तयार नव्हती.

आता दुसरी बाजूही नीट ऐकू. रमाबाई शाकाहारी होत्या, अंडं घातलेला पदार्थही त्यांना चालत नसे. जेराल्डीनना यात जातीचा जुना अभिमान दिसला. बाप्तिस्मा घेतला, पण अहंकार सोडला नाही, असा त्यांचा सूर. रमाबाईंचं उत्तर साधं होतं: एखादी इंग्रज बाई हिंदूंमध्ये राहायला आली आणि तिने आपल्या निरुपद्रवी सवयी बदलल्या नाहीत, तर तिला कुणी गर्विष्ठ म्हणेल का? म्हणजे बघा, दोघीही प्रामाणिक, आणि दोघींनाही समोरचीच्या वागण्यात बाह्य गोष्टींचं स्तोम दिसतंय! आपल्या सवयी या सवयी वाटतच नाहीत. दुसऱ्याच्या तेवढ्या डोळ्यांत भरतात.

दुसरा प्रसंग १८९१ च्या सुमाराचा. शारदा सदन सुरू होऊन दोनेक वर्षं झाली होती. रमाबाईंच्या वाचनात विल्यम हॅस्लम या इंग्रज पाद्र्याचं आत्मचरित्र आलं. हा गृहस्थ पाद्री होऊन बरीच वर्षं झाल्यावर, प्रवचन देता देता स्वतःच जागा झाला. ते वाचून रमाबाईंनी स्वतःकडे पाहिलं. पुढे १९०७ मध्ये त्यांनी मोकळेपणाने लिहिलं, की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आपल्या लक्षात आलं: आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. जी बाई इतरांच्या बाह्य रीतींवर बोट ठेवत होती, तिने तीच कसोटी स्वतःला लावली. आमच्या मते, तिच्या प्रामाणिकपणाचा सर्वांत भक्कम पुरावा हाच.

तिसरा प्रसंग केडगावचा. १९०५ च्या जूनअखेरीस मुक्ती सदनात मोठी जागृती झाली. शेकडो मुली एकदम मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, रडू लागल्या. शांत, शिस्तीच्या उपासनेची सवय असलेल्यांना हा निव्वळ भावनेचा गोंधळ वाटला. आता देखाव्याचा आरोप रमाबाईंच्याच दारात आला. त्यांची भूमिका अशी, की भारतीय माणसांना देवाने जसं घडवलंय तशीच त्यांची प्रार्थना असणार; पाश्चात्त्य वळणात ती बसवू नये. म्हणजे आवाज खरा आणि शांतता खोटी, असं नाही. उलटही नाही. उपासना ज्याची त्याच्या आतून यावी, एवढंच.

आयुष्याची अखेरची वर्षं त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतरात घालवली. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. आणि गंमत पाहा: एके काळी क्रुसासाठी संस्कृतचा आग्रह धरणाऱ्या याच पंडितेने इथे संस्कृतप्रचुर शब्द टाळले, कारण वाचणाऱ्या साध्या बायका होत्या. वरवर ही भूमिका बदलल्यासारखी वाटते. पण सूत्र तेव्हाचंच आहे: जे शब्द ओठांवर येतील, ते कळलेले असावेत.

कुणाच्या मनात काय होतं, हे इतिहासाला दिसत नाही. मात्र एखाद्याने आपल्या श्रद्धेपायी काय नाकारलं आणि स्वतःला कोणते प्रश्न विचारले, हे कागदावर राहतं. रमाबाईंचं ते राहिलं आहे, आणि त्यांना तोलायचं तर त्यावरूनच तोलावं लागेल. आजच्यापुरतं इथेच थांबू.