दरफाळणीची संध्याकाळ

कुवेतमधल्या जहराच्या उत्तरेला मुतलाचा कडा ओलांडला की रस्ता बसऱ्याकडे जातो. तुम्ही तो धरा आणि फरात नदीच्या काठाने वर, अडीच हजार वर्षं मागे चला. बाबेल लागेल. इ. स. पू. ५८६ मध्ये यरुशलेमचं मंदिर जाळून ज्यांना इथे आणलं, त्यांच्या पुढच्या पिढ्यांतले बरेच जण आता मायदेशी परतलेत. त्यांच्या मागोमाग तुम्हीही पश्चिमेला वळा.

साल साधारण इ. स. पू. ४४५. राज्यपाल नहेम्याने ५२ दिवसांत पुरा केलेल्या यरुशलेमच्या कोटाच्या आत शिरता, तर लोक गोणपाट नेसून, डोक्यात माती घालून उभे. पाव दिवस नियमशास्त्राचं वाचन, पाव दिवस पापांची कबुली. उभं राहून तुमच्या पोटऱ्या भरून येतात. मंदिराचे सेवेकरी लेवी मोठ्याने सांगत असतात: देवाने समुद्र दुभंगून वाट दिली, तरी आम्ही वासरू ओतलं, वासरू ओतलं, तरी आकाशातून पडणारा मान्ना थांबला नाही. चाळीस वर्षं रानात हिंडलो, पण अंगावरचे कपडे विरले नाहीत, पाय सुजले नाहीत. बापजाद्यांचे अपराध मोजता मोजता ते स्वतःवर येतात आणि देवाला एका शब्दानेही दोष देत नाहीत. मला ही प्रार्थना थोर वाटते ती इथे. शेवट गोड करायचाही मोह तिला नाही. पीक परक्या राजाच्या घरात जातं, आपल्याच भूमीत आपण गुलाम आहोत, हे ते तसंच देवापुढे ठेवतात आणि तरीही करार लिहून त्यावर शिक्के मारतात.

आता समुद्रमार्गे कोकणात या. अलिबागजवळचं नवगाव. साल विचारू नका. मुंबईत सिनेगॉग उभं राहायला अजून अवकाश आहे. परंपरा सांगते, जहाज फुटून सात पुरुष आणि सात बायका या किनाऱ्याला लागल्या. त्यांचे वंशज ते बेने इस्राएल. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणतं. ग्रंथ हरवला, हिब्रू गेली. सुंता, शनिवार, शेमाची प्रार्थना आणि काही सण तेवढे उरले.

आज दरफाळणीचा सण, म्हणजे योम किप्पूर, यहुद्यांचा प्रायश्चित्ताचा दिवस. आंघोळी झाल्या, दिवस मावळायच्या आत जेवणं उरकली, पांढरे कपडे अंगावर आले. तुम्ही उंबरा ओलांडता आणि मागे अडसर पडतो. उद्या संध्याकाळपर्यंत अन्न नाही, पाणी नाही, बाहेरच्या कुणाचा स्पर्श नाही. हा दिवस पुष्कळदा दसऱ्यालाच येतो. २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी तसंच झालं. नवगावातल्या या वर्षीही उद्या दसरा. सोनं लुटणारी पोरं वाटेने गलका करत जातील, पण या दाराशी कुणी थांबणार नाही. तेल्यांचं दार उद्या उघडत नाही, हे शेजाऱ्यांना ठाऊक आहे. आत म्हातारी शेमा म्हणते, संपली की पुन्हा तीच. लेवींची ती लांबलचक कबुली तिच्या कानावर कधीच पडलेली नाही. हे सारं केवळ माणसांच्या चिकाटीने टिकलं, असं मला वाटत नाही. शत्रूंच्या देशात असले तरी मी त्यांना टाकणार नाही, अशा अर्थाचं वचन लेवीयाच्या पुस्तकात आहे. या बंद दाराआड बसलं की ते खरं वाटतं.

परवा शिळा सण: गोरगरिबांना दान, सोयऱ्यांच्या भेटी.

शेवटचा मुक्काम मुंबईत. ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणीतले सामाजी हसाजी दिवेकर टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आले आणि त्यांनी १७९६ साली शार हरहमीम सिनेगॉग बांधलं. कैदेत बोललेला नवस त्यांनी फेडला, असं समाजात सांगतात. ग्रंथ पुन्हा हाती आल्यावरच्या एका उपासाच्या दुपारी तुम्ही तिथे बसला आहात. योनाचं पुस्तक वाचलं जातंय. आज्ञा मोडून पळाला तो खुद्द संदेष्टा. पश्चात्ताप केला तो परक्या निनवेने, गुराढोरांनासुद्धा गोणपाट घालून. देव शहर राखतो आणि योना रुसतो. पुस्तक संपतं ते देवाच्या प्रश्नावर: एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं आणि एवढी गुरं, त्यांची कीव मी करू नये का? तुमच्या शेजारी बसलेले लोक घाण्याच्या बैलांमागे चालत वाढलेत. प्रश्नात गुरं कशाला आली, हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागत नाही.