कावसजीचे चित्र
कावसजीचे चित्र : कापलेल्या नाकाच्या जागी नवे नाक बसवलेल्या एका मराठ्याचे, जेम्स वेल्स (१७४७–९५) या स्कॉटिश चित्रकाराने जानेवारी १७९४ मध्ये काढलेले व्यक्तिचित्र.

कावसजी इंग्रज फौजेत बैल हाकणारा. (नाव पारशी वाटते, पण त्याची हकीकत सांगणारे तेव्हाचे पत्र त्याला शेतकरी मराठा म्हणते.) १७९२ च्या युद्धात टिपूच्या हाती सापडल्यावर त्याचे नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभराने पुण्याजवळ वीटकरी जातीतल्या एका कारागिराने त्याला नाक घडवून दिले. त्या कारागिराचे नाव लिहून घ्यावे असे कोणाला वाटलेले दिसत नाही. त्याची रीत मात्र बारकाईने नोंदली गेली, कारण ही शस्त्रक्रिया टॉमस क्रूसो यांच्यासह मुंबई इलाख्याच्या दोन डॉक्टरांनी पाहिली होती. मेणाचा पातळ पापुद्रा थोटकावर नाकाच्या आकाराने बसवायचा, मग तो सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि कडेने रेघ ओढून तेवढी कातडी सोडवायची. दोन डोळ्यांच्या मधली चिंचोळी पट्टी तेवढी जोडलेली ठेवायची. रक्त तिच्यातूनच पोचते. कातडी अर्धा पीळ देऊन खाली आणायची आणि थोटकाच्या ताज्या खाचेत बसवायची. सांधा धरायला कालवलेल्या काताच्या कापडी पट्ट्या, चार दिवसांनी तुपात भिजवलेले कापड. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास जोडपट्टी कापायची.

चित्राचे महत्त्व ते छापले गेले यात आहे. लिओनार्दो दा विंचीची, प्रेते स्वतः चिरून काढलेली शरीररचनेची चित्रे वहीतच राहिली आणि पिढ्यान्‌पिढ्या वैद्यांच्या उपयोगी पडली नाहीत. बोलोन्याच्या ताल्याकोत्सीने १५९७ मध्ये दंडाच्या कातडीचे नाक सचित्र ग्रंथात मांडले, पण युरोपात ती विद्या पुढे मागे पडली. कावसजीची हकीकत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये चित्रासह आली आणि वेल्सच्या चित्राचे कोरीव मुद्रण १७९५ मध्ये निघाले. जोसेफ कार्प्यूने २३ ऑक्टोबर १८१४ रोजी लंडनमध्ये याच रीतीने नाक बसवले व १८१६ मध्ये त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला.

वेल्स १७९१ मध्ये मुंबईत आला. पुण्यात त्याने सवाई माधवराव व नाना फडणवीस यांची चित्रे काढली. पुढे साष्टी बेटावर, गोराई खाडीच्या पूर्वेला असलेल्या बोरिवलीच्या डोंगरातील कान्हेरी लेण्यांत काम करताना तो आजारी पडला आणि नोव्हेंबर १७९५ मध्ये ठाण्यात वारला. त्याने रेखाटलेली वेरूळची लेणी १८०३ मध्ये टॉमस डॅनिएलने प्रसिद्ध केली.