चादरीचं कार्ड आणि वेबचं पान

इंटरनेटवर बोलायला उभं राहिलं की एक प्रश्न हमखास येतो : ‘ते पान असतं तरी कुठं? मोबाईलमध्ये, का हवेत?’ सोलापूरकराला याचं उत्तर सोपं जावं. आपल्या पूर्व भागातल्या यंत्रमागांवर ते फार वर्षं टांगलेलं आहे.

जकार्डची चादर विणताना मागाच्या वर भोकं पाडलेल्या कार्डांची माळ फिरते. जिथं भोक असेल तिथं ताण्याचा धागा वर उचलला जातो, नसेल तिथं खालीच राहतो. कार्डावर मोर काढलेला नसतो. मोर कसा विणायचा, एवढीच सूचना त्यावर असते. जोसेफ मारी जकार्डनं ही युक्ती 1804 च्या सुमारास फ्रान्समधल्या लियों शहरात बसवली. पुढं 1890 च्या अमेरिकन जनगणनेत हर्मन हॉलेरिथनं भोकांच्या कार्डांवरच माणसं मोजली. कापडाची कार्डं अशी हिशेबाच्या यंत्रात शिरली.

आता वेबचं पान घ्या. ते कुणाच्या तरी संगणकावर ठेवलेलं असतं, त्याला सर्व्हर म्हणतात. तुम्ही पत्ता टाकला की सर्व्हर सूचना पाठवतो : इथं मथळा, इथं चित्र, इथं दुवा. तुमच्या फोनमधला ब्राउझर त्या वाचतो आणि पान तिथंच विणतो. ब्राउझर म्हणजे माग, सूचना म्हणजे कार्डं.

पण सर्व्हर सापडतो कसा? प्रत्येक सर्व्हरला एक नंबर असतो. आपल्याला नावं लक्षात राहतात, नंबर राहत नाहीत. म्हणून 1983 मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी नावावरून नंबर सांगणारी व्यवस्था आखली. नंबर कळला की मजकूर लहान लहान तुकड्यांत निघतो. प्रत्येक तुकड्यावर पत्ता आणि क्रमांक. शंभर चादरींचे गठ्ठे वेगवेगळ्या ट्रकमधून गेले, तरी क्रमांक बघून मुक्कामी पुन्हा लावता येतात ना, तसंच. एखादा गठ्ठा हरवला तर तेवढाच परत मागवायचा.

हा रस्ता म्हणजे इंटरनेट. वेब हा त्या रस्त्यावरून जाणारा माल, आणि तो रस्त्यापेक्षा तरुण आहे. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत देशोदेशीचे शास्त्रज्ञ, प्रत्येकाचा संगणक वेगळा, एकाची माहिती दुसऱ्याला मिळेना. त्यावर टिम बर्नर्स-ली यांनी मार्च 1989 मध्ये वेबचा प्रस्ताव मांडला. 1990 संपेपर्यंत पहिला सर्व्हर आणि ब्राउझर चालू झाला. मग 30 एप्रिल 1993 रोजी सर्ननं जाहीर केलं की हे तंत्र सगळ्यांसाठी खुलं, फी नाही. भारतात विदेश संचार निगमनं 15 ऑगस्ट 1995 रोजी सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केलं, तोवर हा निर्णय झालेला होता. म्हणून आज कुणीही, कुणाला न विचारता, मराठीत पान काढू शकतो.

आता यातली मेख बघा. कुणीही म्हणजे लबाडसुद्धा. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी बाहेर विणलेली चादर ‘सोलापुरी’ म्हणून खपवली जातेच. वेबवर तर नक्कल याहून सोपी. बँकेच्या पानाच्या सूचना उचलल्या की तुमचा ब्राउझर हुबेहूब तसंच पान विणून देतो. माग नक्षी विणतो, ती कुणाची हे तो विचारत नाही.

‘पण सर, कुलपाचं चिन्ह असतं की!’ काही ब्राउझरमध्ये असतं. वाटेत कुणी मजकूर वाचणार नाही, एवढीच त्याची हमी. दुकानदार प्रामाणिक आहे, असं ते सांगत नाही. तेव्हा पैसे भरण्याआधी पत्ता वाचा, आणि उजवीकडून वाचा. ‘बँक डॉट बक्षीस डॉट कॉम’ असं दिसलं, तर ‘डॉट कॉम’च्या लगेच आधीचं नाव मालकाचं. म्हणजे ते पान ‘बक्षीस’वाल्याचं, बँकेचं नव्हे.

चादर घेताना आपण नक्षीवर भाळत नाही. उलटून बघतो, लेबल वाचतो. घरी आईवडिलांच्या हातात फोन देताना एवढी एक सवय त्यांना जरूर लावा.