मोठा गट की छोट्या तुकड्या?

टेबलावर वॉरगेम मांडताना प्रश्न पडतोच: चाळीस शिपायांचा एकच गट करायचा, की दहा-दहाच्या चार तुकड्या? मोठा गट मार खाऊनही टिकतो. पण वळायला? विचारूच नका.

आता चला इ.स.पू. 197 मध्ये, ग्रीसमधल्या किनोस्केफलाईच्या टेकड्यांवर. मॅसेडोनियाच्या पाचव्या फिलिपची फॅलँक्स म्हणजे सहा-सहा मीटरच्या भाल्यांची भिंत. समोर रोमन सेनापती फ्लॅमिनिनस, त्याच्याकडे साधारण 120 जणांच्या तुकड्या, म्हणजे मॅनिपल. उजवीकडे फिलिपने उतारावरून रोमनांना अक्षरशः रेटलं. डावीकडे त्याचे लोक अजून रांगा लावत होते, तेवढ्यात रोमन हत्ती आले आणि ती बाजू मोडली. मग एका रोमन ट्रिब्यूनने फार तर 20 मॅनिपल सोबत घेतल्या आणि जिंकत असलेल्या फॅलँक्सची पाठ गाठली. कुणाच्या हुकमाशिवाय! आणि इतिहासकार पॉलिबियस त्याचं नावही सांगत नाही. एवढे लांब भाले घेऊन मागे वळणार कसं? मॅसेडोनियन सैनिकांनी शरण म्हणून भाले उभे धरले, पण रोमन शिपायांना ती खूण कळलीच नाही. पॉलिबियसच्या हिशेबाने 8,000 मेले.

तरी सपाट टेबल आणि दोन्ही बाजू झाकलेल्या असतील, तर मी मोठाच गट घेईन. टेकड्या मांडल्या असतील तर मात्र समोरच्याकडे सुट्या तुकड्या किती, ते आधी मोजा.