हात, डिस्क आणि साखळी : पटिंगच्या अभ्यासाची प्रस्तावना

पटर कोणता घ्यावा, हा डिस्क गोल्फकडे वळलेल्या माणसाचा पहिला प्रश्न असतो. प्रश्न रास्त आहे, पण त्यात एक गृहीत दडलेलं आहे: डिस्क बरोबर मिळाली की नेमही लागेल. या विषयावर आजवर जे लिहिलं गेलं, त्यात हवेच्या प्रवाहाचं गणित आहे, खेळाचे नियम आहेत आणि जुन्या खेळाडूंचे आपसांतले वादही आहेत. ते सगळं चाळल्यावर माझं मत असं झालं आहे की पटिंग हा हात, डिस्क आणि साखळी या तिघांचा व्यवहार आहे आणि त्यात डिस्कचा वाटा सगळ्यात कमी. दुकानदार हे सांगणार नाही. त्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे.

म्हैसूरच्या वाचकाला गोल्फ नवा नाही. चामुंडी टेकडीच्या पायथ्याशी, रेसकोर्सला लागून असलेलं हिरवंगार मैदान येता-जाता सगळ्यांनी पाहिलेलं आहे. डिस्क गोल्फचा हिशेब तोच: ठरलेल्या जागेवरून सुरुवात करायची आणि कमीत कमी फटक्यांत शेवट गाठायचा. फरक इतकाच की चेंडूऐवजी तबकडी, काठीऐवजी आपलाच हात आणि जमिनीतल्या भोकाऐवजी खांबावरची लोखंडी बास्केट. बास्केटच्या वर साखळ्या लोंबत असतात. लांबवर जाणाऱ्या डिस्कला ड्रायव्हर म्हणतात, मधल्या पल्ल्याची ती मिडरेंज, आणि जवळून बास्केटमध्ये टाकायची तो पटर. अशा जवळच्या फेकीला पट म्हणतात आणि त्या कामाला पटिंग.

या साखळ्या मात्र खेळाच्या जन्मापासून नव्हत्या. सुरुवातीला झाडं आणि खांब हेच लक्ष्य असायचे, आणि डिस्क लागली की नुसती चाटून गेली, यावरून वाद व्हायचे. कॅलिफोर्नियात वॅम-ओ कंपनीत फ्रिस्बीवर काम केलेले एड हेड्रिक यांनी 1975 साली ओक ग्रोव्ह बागेत पहिला कायमचा कोर्स आखला. पुढच्याच वर्षी व्यावसायिक डिस्क गोल्फ संघटना, म्हणजे पीडीजीए, उभी राहिली आणि साखळ्यांच्या बास्केटचं पेटंट हेड्रिक यांना 1977 मध्ये मिळालं. 2002 साली ते गेले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची रक्षा प्लास्टिकमध्ये मिसळून डिस्क घडवल्या गेल्या. खेळावर इतका जीव असलेली माणसं थोडी.

इतिहास म्हणून हे एवढं पुरे. पण साखळीचा परिणाम नीट समजून घ्यायला हवा. खांबाला डिस्क कशीही लागली तरी चालत होती. साखळीने ती अडली पाहिजे, तिचा वेग मरून ती खाली टोपल्यात पडली पाहिजे. लोंबणाऱ्या साखळ्या मागे ढकलल्या जातात, एकमेकींवर आपटतात आणि डिस्कची ऊर्जा त्या हालचालीत वाटली जाते. वेग फार असेल तर डिस्क साखळ्यांतून आरपार जाते किंवा खांबावर आदळून मागे उसळते. फार कमी असेल तर कडेला टेकून बाहेर घरंगळते. म्हणून पटिंगमध्ये दिशेइतकाच वेगही नेमाचा भाग ठरतो. दसऱ्याच्या प्रदर्शनात, दोड्डकेरे मैदानावर, रिंग टाकायच्या स्टॉलवर हेच दिसतं: जोर करणारा माणूस हात हलवत परततो आणि हलक्या हाताने टाकणारं पोर साबणाची वडी घेऊन जातं.

आता डिस्क. तिच्या उड्डाणावर गंभीर संशोधन झालेलं आहे. मँचेस्टरच्या पॉट्स आणि क्राउदर यांनी 2002 साली विंड टनेलमधल्या मोजमापांवर निबंध प्रसिद्ध केला, आणि 2003 मध्ये सारा हमेल यांनी डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात फ्रिस्बीचं उड्डाण व ती फेकणाऱ्या शरीराची हालचाल यांवर प्रबंध लिहिला. त्यांच्या प्रयोगांतल्या डिस्क फ्रिस्बीच्या वळणाच्या होत्या, पटर नव्हत्या. पण तत्त्व तेच. फिरणारी डिस्क आपला कल सहजी सोडत नाही. हवेचा उचलणारा जोर मात्र तिच्या बरोबर मध्यावर पडत नाही, आणि फिरत्या वस्तूवर एका दिशेने दाब आला की ती त्याच्या काटकोनात कलते. उजव्या हाताने बॅकहँड फेकलेली डिस्क वरून पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते, आणि वेग मंदावला की डावीकडे झुकते. पटिंगमध्ये वेग मुळातच कमी, म्हणून हे झुकणं नवख्याला पहिल्या दिवशीच दिसतं आणि तो डिस्कला दोष देतो. खरं तर मनगटाचा झटका अपुरा पडलेला असतो, किंवा डिस्कचं नाक, म्हणजे पुढची कड, वर उचललेलं असतं. नाक वर असलं की डिस्क साखळ्यांपुढे थबकते, उजवी कड वर करते आणि टोपल्याच्या डाव्या कडेवर टणकन आदळून खाली पडते. हा टणत्कार ऐकला की समजावं, पटर बदलून उपयोग नाही.

तरीही काहीतरी घ्यावं लागणारच. डिस्कवर चार आकडे छापलेले असतात: वेग, तरंगणं, सुरुवातीचं वळण आणि शेवटचं झुकणं. 1984 साली बाजारात आलेल्या इनोव्हाच्या एव्हिअर पटरवर ते 2, 3, 0, 1 असे आहेत. स्वीडनच्या कास्टाप्लास्टचा बर्ग 1, 1, 0, 2 असा, म्हणजे जवळजवळ न तरंगता खाली बसणारा. पाच मीटरवरून हा फरक हाताला फारसा कळत नाही. हाताला कळते ती कडेची खोली, कडेच्या तळाशी बारीक गोल उंचवटा, म्हणजे बीड, आहे की नाही ते, आणि प्लास्टिकची पकड. नियमाप्रमाणे डिस्कचा व्यास किमान 21 सेंटिमीटर आणि वजन व्यासाच्या दर सेंटिमीटरमागे 8.3 ग्रॅमपर्यंत, म्हणजे 21 सेंटिमीटरचा पटर 174 ग्रॅमच्या वर जाऊ शकत नाही. मोठ्या माणसाने 170 ते 174 मधला घ्यावा, लहान मुलांसाठी 150च्या आसपासचा. प्लास्टिक साधंच घ्यावं. ते स्वस्त असतं, घामट हातातही धरवतं, आणि मऊ असल्याने साखळीत नीट अडकतं असं बहुतेक खेळाडूंचं म्हणणं आहे. दुकानात डोळे मिटून तीन-चार पटर धरून पाहावेत. जो धरताना बोटांची जुळवाजुळव करावी लागत नाही, तो आपला. मग त्याच साच्याच्या, त्याच प्लास्टिकच्या, त्याच वजनाच्या दोन-तीन प्रती घ्याव्यात. तीन वेगवेगळे पटर घेणारा तीन वेगवेगळे हात कमावायला बसतो.

नियमांनी पटिंगची हद्द बास्केटपासून 10 मीटरची ठरवली आहे. त्या वर्तुळात डिस्क सोडल्यावर तोल सावरून दाखवल्याशिवाय, आधीची डिस्क जिथे थांबली तिथल्या खुणेच्या पुढे पाऊल टाकता येत नाही. आधाराचा पाय खुणेच्या मागच्या 20 बाय 30 सेंटिमीटरच्या चौकटीत हवा. हा नियम वरवर शिस्तीचा वाटतो, पण पटिंगची सगळी शैली त्याने घडवली आहे. धावता येत नाही, उडी मारता येत नाही, म्हणून जोर पायातून काढून हातात आणावा लागतो: मागच्या पायावरचं वजन पुढच्यावर, आणि हात लक्ष्याकडे सरळ लांबवलेला. मनगटाच्या फिरकीवर भर देणारे डिस्क सपाट आणि वेगाने सोडतात. ढकलून टाकणारे ती वर चढवून साखळ्यांत उतरवतात. दोन्ही पंथांत थोर खेळाडू आहेत आणि दोन्ही पंथांत कडवे अनुयायीही. नवख्याने महिनाभर कुठल्याच वादात पडू नये.

सराव जवळून सुरू करावा, तीन मीटरवरून. इथे माणसाला लाज वाटते. तीन मीटरवरून काय टाकायचं? पण सवय लागते ती लागलेल्या नेमाची. तिथे चुकेनासं झालं की एक पाऊल मागे, आणि चुका वाढल्या की पुन्हा पुढे. संपूर्ण बास्केटकडे न पाहता साखळीतली एक कडी निवडावी. बास्केट नसेल तर गच्चीच्या भिंतीवर जमिनीपासून 82 सेंटिमीटरवर खडूने आडवी रेघ ओढावी, टोपल्याची कड साधारण तिथे येते, आणि तिच्या वर हातभर रुंदीची चौकट काढून तिच्या मधोमध जुनी चादर टांगावी. चादर साखळीसारखीच वेग गिळते. उघडी भिंत डिस्क परत फेकते आणि जोर किती झाला ते लपवते. कुक्करहळ्ळी तलावाच्या वाटेवर मात्र सराव नको. सकाळी तिथे फिरणाऱ्यांची गर्दी असते आणि 174 ग्रॅमची कडक कड नडगीवर बसली तर सुजवते.

म्हैसूर समुद्रसपाटीपासून सुमारे 760 मीटर उंच आहे आणि इथली हवा किनाऱ्यापेक्षा सात-एक टक्के विरळ. लांबच्या फेकीत याचा परिणाम जाणवतो, पटिंगमध्ये जवळजवळ नाही; गोव्याहून आलेल्या पाहुण्याला नेम चुकल्यावर ही सबब पुरणार नाही. वाऱ्याची गोष्ट वेगळी. जूनपासून नैर्ऋत्येचा वारा सुटतो. समोरून आला तर डिस्कच्या दृष्टीने हवेचा वेग वाढतो, ती उचलली जाते आणि बास्केटवरून निघून जाते, मग परतीचा पट पहिल्यापेक्षा लांबचा. मागून आला तर ती खाली बसते आणि टोपल्याला धडकते. समोरच्या वाऱ्यात नाक किंचित खाली आणि नेम खालच्या कडीवर. मागच्या वाऱ्यात नेम वरच्या कडीवर. पावसाने ओली झालेली डिस्क पुसायला पंचा जवळ ठेवावा, आणि उन्हाळ्यात पटर बंद गाडीत ठेवू नयेत, साधं प्लास्टिक तापून वाकडं होतं.

दहा मीटरच्या बाहेरून उडी मारून टाकायची परवानगी आहे, आणि ते दिसायला फार देखणं असतं. या अभ्यासात ते शेवटी येतं. पाच मीटरवरून दहातल्या आठ डिस्क टोपल्यात पडू लागेपर्यंत त्या प्रकरणाची पानं उलटू नयेत.